रंगभवन (मुंबई)

रंगभवन हे दक्षिण मुंबईत धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजला लागून असलेले खुले नाट्यगृह. चर्चगेट, मरीन लाइन्स आणि व्हीटी (आताचे सीएसएमटी) या तिन्ही स्थानकांवरून तिथे चालत पोहोचता येते. ही साधी गोष्ट वाटते, पण तिचे महत्त्व मोठे आहे. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवरची उपनगरांतली पोरे लोकलने येऊन इथे एकमेकांना भेटली आणि मुंबईच्या रॉक संगीताला स्वतःचा श्रोता मिळाला.

१९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाची सुरुवात इथे झाली. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स त्या वर्षी मुंबईत वाजवून गेले. रंगभवनाचे नाव मात्र जोडले गेले ते रॉकशी, आणि त्यात ‘रॉक मशीन’ या बँडचा वाटा मोठा आहे.

रॉक मशीन १९८४ मध्ये सुरू झाला. त्या काळी बँड म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारी मंडळी. मूळ रेकॉर्डच्या जितके जवळ जाल तितकी दाद मोठी. या बँडनेही सुरुवातीला तेच केले. पुढे त्यांनी स्वतः रचलेली गाणी मंचावर आणली आणि १९८८ मध्ये ‘रॉक एन रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. दुसरा अल्बम १९९० मध्ये आला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक महेश तिनईकर हे बँडचे ठळक चेहरे. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्याच वर्षी ‘प्रीटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षक-पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये थांबलेला हा बँड २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला.

पुरस्कारापेक्षा मोलाचे होते ते त्यांनी दिलेले धाडस. आपल्याच शहरातली माणसे आपलीच गाणी वाजवतात आणि लोक ती ऐकायला उभे राहतात, हे एकदा दिसल्यावर पुढच्यांना परवानगी मागावी लागली नाही. १९९४ मध्ये पेंटाग्राम आणि २००० मध्ये डेमॉनिक रिझरेक्शन हे मुंबईचे बँड उभे राहिले ते याच वाटेवर.

१९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव अनेक वर्षे इथेच भरत असे. स्वातंत्र्यदिनाच्या आसपासचा कार्यक्रम, म्हणजे ऐन पावसाळा, आणि डोक्यावर छप्पर नाही. भिजणे धरूनच लोक येत. नवख्या बँडला एवढ्या गर्दीसमोर उभे राहण्याची संधी दुसरीकडे क्वचितच मिळे.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रंगभवनाच्या आसपास कामा रुग्णालय, झेवियर्स आणि किल्ला कोर्ट असे तिन्ही आहेत. त्यामुळे २००३ च्या सुमारास इथल्या मैफली थांबल्या. रुग्णांच्या विश्रांतीबद्दल वाद असू शकत नाही. खंत एवढीच, की मध्यवर्ती आणि खुल्या अशा या जागेला तोलामोलाचा पर्याय शहराने उभा केला नाही. कार्यक्रम अंधेरीच्या मैदानांत, जुहूच्या क्लबात आणि कॉलेजांच्या महोत्सवांत विखुरले. नवे बँड निघणे मात्र थांबले नाही; त्याच २००३ मध्ये मुंबईत ‘भयानक मौत’ हा मेटल (जड, आक्रमक रॉक) बँड सुरू झाला.