बॅकग्राउंड जॉबला व्हेरिएबल देणे (पॉवरशेल)

मुख्य स्क्रिप्टमधील व्हेरिएबलची किंमत मागे स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या हाती सोपवण्याची रीत. पॉवरशेलमध्ये (मायक्रोसॉफ्टची कमांड आणि स्क्रिप्ट लिहिण्याची भाषा) बॅकग्राउंड जॉबची, म्हणजे अशा मागे चालणाऱ्या कामाची, सोय २००९ च्या २.० आवृत्तीपासून आहे.

‘स्टार्ट-जॉब’ ही कमांड दिली की पॉवरशेलची एक नवीच प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम) उभी राहते. तिची मेमरी वेगळी असते, त्यामुळे मूळ सत्रातली व्हेरिएबल तिला दिसत नाहीत. समजा, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचे पावसाचे अहवाल एकदमच काढायचे आहेत. लूपमध्ये ‘जिल्हा’ या व्हेरिएबलमध्ये जालना, बीड, परभणी अशी नावे येत जातात आणि दर फेरीला त्या जिल्ह्याच्या नावाची सीएसव्ही (तक्त्याची) फाइल लिहिणारा एक जॉब सुटतो. जॉबच्या आत तेच व्हेरिएबल थेट वापरले तर ते रिकामे निघते, आणि पॉवरशेल त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आठही जॉब नुसत्या ‘.सीएसव्ही’ नावाच्या एकाच फाइलवर लिहायला धावतात. हिंगोलीचा पाऊस कुठेच सापडत नाही. म्हणून जॉबच्या आतच ‘सेट-स्ट्रिक्टमोड’ ही कडक तपासणीची कमांड लावावी. मग रिकाम्या व्हेरिएबलवर एरर तरी मिळते.

किंमत पोहोचवायला दोन वाटा आहेत. जॉबच्या ब्लॉकमध्ये (जॉबला दिलेल्या कोडमध्ये) वरच ‘पॅरम’ लिहून त्यात पॅरामीटरची (बाहेरून येणाऱ्या किमतींची) नावे देणे आणि ‘स्टार्ट-जॉब’च्या ‘आर्ग्युमेंटलिस्ट’मधून क्रमाने किमती देणे ही जुनी वाट. ३.० आवृत्तीपासून (२०१२) व्हेरिएबलच्या नावाआधी ‘युझिंग:’ लावले तरी भागते. दोन-चार ओळींच्या जॉबला ‘युझिंग’ सुटसुटीत पडते. ब्लॉक लांबला की ‘पॅरम’च बरा, कारण जॉबला काय काय लागते ते वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळते.

‘आर्ग्युमेंटलिस्ट’ला आठ जिल्ह्यांची यादी तशीच दिली तर ती फुटते: पहिल्या पॅरामीटरला फक्त पहिला जिल्हा मिळतो. यादीच्या व्हेरिएबलआधी एक स्वल्पविराम टाकला की ती अखंड पोहोचते.

जॉबला मिळते ती प्रत, तीही जॉब सुरू होतानाची. नंतर मूळ किंमत बदलली तरी जॉबला पत्ता नसतो. जॉबने केलेला बदलही आपोआप परत येत नाही, निकाल ‘रिसीव्ह-जॉब’ने घ्यावा लागतो. आकडे, मजकूर, तारखा धड पोहोचतात. फाइलसारखे ऑब्जेक्ट मात्र वाटेत एक्सएमएल या मजकूर-स्वरूपात बदलले जाते आणि पलीकडे त्याचे गुणधर्म उरतात, मेथड (त्यावर करता येणाऱ्या क्रिया) जातात. तेव्हा ऑब्जेक्टऐवजी फाइलचा पूर्ण पाथच पाठवावा.

पॉवरशेल ७ सोबत येणारा ‘स्टार्ट-थ्रेडजॉब’ नवी प्रोसेस न काढता त्याच प्रोसेसमध्ये वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या धाग्यावर) चालतो. तिथेही ‘युझिंग’ लागतेच, पण ऑब्जेक्टची प्रत न होता मूळ ऑब्जेक्टच जॉबच्या हाती येते. आठ थ्रेड एकाच साध्या हॅशटेबलमध्ये (नाव-किंमत जोड्यांच्या साठ्यात) लिहू लागले तर नोंदी बिघडू शकतात. तिथे एकाच वेळी अनेकांनी लिहिण्यासाठी बनवलेली ‘कॉन्करंट डिक्शनरी’ वापरतात.