कॅनडाची संसदीय शासनपद्धती

कॅनडा ही घटनात्मक राजेशाही असून तिथला कारभार ब्रिटिश वळणाच्या संसदीय पद्धतीने, पण संघराज्याच्या चौकटीत चालतो. १ जुलै १८६७ रोजी अमलात आलेला ब्रिटिश उत्तर अमेरिका कायदा हा या व्यवस्थेचा पाया होय. राजा, सिनेट (वरिष्ठ सभागृह) आणि हाउस ऑफ कॉमन्स (लोकांनी निवडलेले कनिष्ठ सभागृह) मिळून संसद होते. ती ओटावा येथे भरते. प्रबळ केंद्र आणि केंद्राकडे शेषाधिकार (कोणालाही नेमून न दिलेल्या विषयांचे अधिकार) ही संघराज्याची घडण भारतीय संविधानकर्त्यांनी कॅनडाच्याच नमुन्यावरून घेतली.

१८६७ च्या कायद्यात पंतप्रधानपदाचा उल्लेखही नाही. ते पद आणि सभागृहाचा विश्वास असेपर्यंतच सरकार टिकते हा नियम, दोन्ही अलिखित संकेतांवर उभे आहेत. राजाच्या वतीने गव्हर्नर जनरल काम पाहतात आणि जवळजवळ नेहमीच पंतप्रधानांचा सल्ला मानतात. १९२६ मध्ये मात्र गव्हर्नर जनरल लॉर्ड बिंग यांनी पंतप्रधान विल्यम लायन मॅकेन्झी किंग यांची संसद विसर्जित करण्याची विनंती नाकारून विरोधी पक्षाचे आर्थर मीएन यांना पाचारण केले. मीएन यांचे सरकार काही दिवसांतच कोसळले आणि पुढच्या निवडणुकीत किंग परत सत्तेवर आले. २००८ च्या डिसेंबरात विरोधक एकत्र येऊन सरकार पाडण्याच्या बेतात असताना पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसद संस्थगित करण्याचा, म्हणजे तिचे अधिवेशन संपवून कामकाज काही काळ थांबवण्याचा सल्ला दिला. गव्हर्नर जनरल मिकाएल जाँ यांनी तो मान्य केला आणि सरकार वाचले. विश्वासमताला सामोरे जाण्याआधीच सभागृहाला कुलूप घालण्याची ही मुभा या पद्धतीतील गंभीर उणीव आहे.

हाउस ऑफ कॉमन्समध्ये २०२५ पासून ३४३ जागा आहेत. प्रत्येक मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार निवडून येतो. त्यामुळे देशभरातील मते आणि जागा यांचे गणित जुळतेच असे नाही: २०१९ आणि २०२१ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला लिबरलांपेक्षा जास्त मते मिळूनही जागा कमी मिळाल्या. अल्पमतातील सरकारे वारंवार येतात, परंतु आघाडी सरकार बनवण्याची रीत तिथे रुजलेली नाही. सत्ताधारी पक्ष विधेयकागणिक पाठिंबा जमवतो किंवा २०२२ मध्ये लिबरल आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षांत झाला तसा, मंत्रिपदे न वाटता बाहेरून पाठिंब्याचा करार करतो. अर्थसंकल्प फेटाळला गेला की सरकार पडते. १९७९ मध्ये पंतप्रधान जो क्लार्क यांचे सरकार असेच गेले.

सर्वांत लक्षणीय भाग पक्षनेतृत्वाचा. कॅनडात पक्षाचा नेता खासदार निवडत नाहीत. प्रमुख पक्षांत वर्गणीदार किंवा नोंदणीकृत सदस्य देशभरातून मतदान करून तो निवडतात. नेत्याला आधी खासदार असण्याचीही गरज नसते. मार्च २०२५ मध्ये लिबरल पक्षाने मार्क कार्नी यांना ८५ टक्क्यांहून अधिक मतांनी नेता केले. कॅनडा आणि इंग्लंड या दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर राहिलेले कार्नी तोवर कधीच निवडून आलेले नव्हते. १४ मार्चला ते पंतप्रधान झाले आणि २८ एप्रिलच्या सार्वत्रिक निवडणुकीत नेपियन मतदारसंघातून सभागृहात आले. त्याच निवडणुकीत विरोधी पक्षनेते, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पिएर पॉलिव्ह्र यांनी स्वतःची जागा गमावली, तरी पक्षाचे नेतेपद राखले. ऑगस्टमध्ये अल्बर्टातील पोटनिवडणुकीतून ते सभागृहात परतले.

सदस्यांनी निवडलेल्या नेत्याला काढण्याचा अधिकार खासदारांना कितपत असावा, हा वाद जुना आहे. खासदार मायकेल चाँग यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये संमत झालेल्या सुधारणा कायद्याने प्रत्येक संसदीय पक्षाला तो अधिकार स्वीकारण्याची मुभा दिली. कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी तो स्वीकारला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आपले नेते एरिन ओटूल यांना ७३ विरुद्ध ४५ मतांनी हटवले. २०२१ च्या निवडणुकीनंतर लिबरलांनी तो स्वीकारला नव्हता. म्हणूनच तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांच्यावर स्वपक्षीय खासदारांचा दबाव महिनोन्‌महिने राहिला, पण त्यांना हटवणारे मतदान होऊ शकले नाही. अखेर ६ जानेवारी २०२५ रोजी त्यांनी स्वतःहून पद सोडण्याची घोषणा केली. पक्षशिस्त कडक असली तरी भारतातल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा तिथे नाही. पक्ष बदलणाऱ्या खासदाराची जागा कायम राहते.

सिनेटचे १०५ सदस्य पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमले जातात आणि वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत पदावर राहतात. विधेयक रोखण्याचा अधिकार सिनेटला असला तरी तो क्वचितच वापरला जातो.

प्रांतांची विधिमंडळे एकसदनी असून तिथेही पक्षपद्धतीच चालते. उत्तरेकडील नूनावुत आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज यांची विधानसभा मात्र पक्षाविना चालते: सगळे सदस्य अपक्ष म्हणून निवडून येतात आणि आपल्यातूनच गुप्त मतदानाने प्रीमियर (तिथला मुख्यमंत्री) व मंत्री निवडतात.