देवाची इच्छा आणि चिठ्ठी

नोकरी घ्यावी का, स्थळाला होकार द्यावा का, अशा वेळी "प्रार्थना करून देवाची इच्छा बघू" हे वाक्य ख्रिस्ती घरांत नेहमी ऐकू येते. ती बघायची कशी, हा वाद जुना आहे आणि तो फिरून फिरून चिठ्ठीपाशीच येतो.

येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली. पण पेन्टेकॉस्टनंतर, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसानंतर, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात निर्णयासाठी चिठ्ठी पुन्हा दिसत नाही. पंधराव्या अध्यायात यरुशलेमेत वाद होतो, साक्षी होतात, मग "पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले" असे पत्र जाते. पुढच्या शतकांत लोक पवित्र शास्त्र कुठेही उघडून त्या ओळीत उत्तर शोधू लागले. 506 साली गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) आग्द येथील धर्मपरिषदेने ते निषिद्ध ठरवले, तरी सवय गेली नाही.

चिठ्ठीला सर्वात मोठा मान मिळाला तो जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या हर्नहुट गावात. छळामुळे मोराव्हिया सोडलेल्या विश्वासणाऱ्यांनी 1722 मध्ये ते वसवले. कोणाला कुठे सेवेला पाठवायचे, कोणाचे लग्न कोणाशी लावायचे, हे वडीलजन प्रार्थना करून चिठ्ठीने ठरवत. 'होय', 'नाही' आणि कोरी, अशा चिठ्ठ्या असत. कोरी म्हणजे थांबा. होकार आला तरी मुलीला नकार द्यायची मोकळीक होती. नकार आला, तर मात्र विषय संपला.

याच लोकांच्या सहवासात आलेल्या एका तरुण इंग्रज पाळकाने मार्च 1737 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत स्वतःच्या लग्नासाठी तीन चिठ्ठ्या टाकल्या: लग्न कर, यंदा विचार करू नको, पुन्हा कधीच विचार करू नको. तिसरी निघाली. त्याच महिन्यात मुलीचे दुसरीकडे लग्न झाले. ऑगस्टमध्ये त्याने तिला प्रभुभोजन नाकारले, प्रकरण कोर्टात गेले आणि वर्ष संपायच्या आत त्याला वसाहत सोडावी लागली. चिठ्ठीने प्रश्न मिटवला, मन मिटवले नाही.

1818 च्या सभेत हर्नहुटच्या मंडळीने सामान्य सभासदांच्या लग्नातून चिठ्ठीची सक्ती काढली. मागणी मुख्यतः अमेरिकेतल्या वसाहतींची होती. विश्वास थंडावला म्हणून हे झाले, असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. दोन माणसांनी देवासमोर विचार करून दिलेला होकार चिठ्ठीतल्या होकारापेक्षा कमी विश्वासाचा कसा? तरी चिठ्ठी पूर्णपणे जायला 1889 साल उजाडले.

आपल्याकडे गोंधळ 'इच्छा' या शब्दाचाही आहे. मयताच्या घरी "देवाची इच्छा" म्हणतात, तेव्हा ती झालेली, न टळणारी गोष्ट असते. प्रभूच्या प्रार्थनेत "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणतो, तेव्हा ती अजून व्हायची असते, आणि आपल्यालाही तसे वागायचे असते. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात देवाची इच्छा स्पष्टच लिहिली आहे: तुमचे पवित्रीकरण, आणि सर्व स्थितीत उपकारस्तुती. पुण्याची नोकरी की नाशिकची, याबद्दल तिथे अक्षर नाही. लोक हे तीनही अर्थ एकात मिसळतात आणि घाबरून बसतात.

त्यात कोकण-गोव्यात देवाला कौल लावायची रीत. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली की होकार. चिठ्ठीची ओढ मराठी ख्रिस्ती माणसाला परकी नाही, ती अशी शेजारीच आहे.

विसाव्या शतकात भर शांत वेळेवर आला. सकाळी वही घेऊन बसायचे, मनात येईल ते लिहायचे, ते शास्त्राशी आणि सोबत्यांशी ताडून पाहायचे. 1920-30 च्या दशकांत पसरलेल्या या 'ऑक्सफर्ड ग्रुप' चळवळीच्या वारसांचे केंद्र 1968 पासून पाचगणीत आहे. 1980 मध्ये अमेरिकेत याच्या उलट मांडणी गाजली: शास्त्राची आज्ञा जिथे नाही, तिथे शहाणपणाने निवडायची मोकळीक आहे, हरवलेला नकाशा शोधत बसू नका. आपल्या मंडळ्यांत मात्र अजून "शांती मिळाली का?" हाच प्रश्न पहिला येतो, आणि 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत कित्येक ठिकाणी नव्या वर्षाच्या वचनांच्या चिठ्ठ्यांची टोपली फिरते.