जवारीचा दोरा आणि छत्तीस नॉब

तानपुऱ्याची जवारी लावताना जवळून पाहिलं असेल तर आठवेल. घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक दोरा असतो. एक हात तार छेडत राहतो, दुसऱ्या हाताची बोटं तो दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवतात. एका जागी तार मुकी वाटते, जरा सरकवल्यावर झिणझिणते आणि मग एका क्षणी खुलते, वरचे स्वर भरभरून बाहेर पडायला लागतात. दोरा किती सरकला हे कुणी पट्टीने मोजत नाही. हात सरकवतो, कान ऐकतो आणि कानच हाताला सांगतो, बस, इथे थांब.

ॲनालॉग सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या सर्किटांनी आवाज घडवणारं वाद्य, त्यातही असा एक दोरा असतो. त्याचं नाव फिल्टर. सिंथमधला ऑसिलेटर करवतीच्या दात्यांसारखी लहर तयार करतो. स्वर ११० हर्ट्‌झचा असेल तर त्या लहरीत २२०, ३३०, ४४० असे पटीतले सगळे स्वर दडलेले असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्या जोराचा, तिसरा एक तृतीयांश, असे वर जाताना क्षीण होत गेलेले. फिल्टर त्यातले ठरावीक मर्यादेच्या वरचे स्वर दाबतो. या मर्यादेला कटऑफ म्हणतात. कटऑफ खाली आणला की आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा होतो, वर नेला की उजळत जातो. हा कटऑफ वाजवता वाजवता हाताने फिरवायचा असतो. सिंथचं निम्मं वादन तिथेच आहे, असं माझं ठाम मत आहे.

माझ्याकडे ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका निवृत्त वादकाकडून रोलंड कंपनीचा अल्फा जूनो हा सिंथ आला. १९८०च्या दशकाच्या मध्यावरचं हे जपानी वाद्य. सहा स्वर एकदम वाजवतं, ऑसिलेटरवर डिजिटल नियंत्रण आहे, फिल्टर मात्र खराखुरा ॲनालॉग. आवाज भरदार. पण पॅनेलवर एकही फिल्टरचा नॉब नाही! आहेत ती बटणं, एक छोटी खिडकी आणि एक मोठं गोल चाक. बटण दाबायचं, खिडकीत हवा तो पॅरामीटर, म्हणजे कटऑफसारखा आवाजाचा एखादा घटक, शोधायचा, मग चाक फिरवायचं. दुसरा पॅरामीटर हवा तर पुन्हा पहिल्यापासून. आवाज घडवणारे असे पॅरामीटर आहेत ३६ आणि चाक एकच. हात आणि वाद्य यांच्यात छत्तीसचा आकडा पडतो तो इथे.

सिंथची सुरुवात अशी नव्हती. रॉबर्ट मूग यांच्या १९६०च्या दशकातल्या सिंथवर नॉबच नॉब असत. असा एक मूग १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतही पोचला होता. त्या वाद्यांत नॉब थेट सर्किटमधलं व्होल्टेज बदलायचा. हात आणि आवाज यांच्यामध्ये तिसरं कुणी नव्हतं. गैरसोय एवढीच की मनासारखा जमलेला आवाज साठवता येत नसे. १९७८च्या प्रॉफेट-५ या सिंथमध्ये ते जमलं. आतला मायक्रोप्रोसेसर नॉबांच्या जागा वाचायचा आणि ४० आवाज लक्षात ठेवायचा. एकदा नॉब हा ‘वाचायचा आकडा’ झाला, की मग तो आकडा बटणानेही देता येतो, हे कारखान्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. नॉब म्हणजे पॅनेलला भोक, वायर, जोडणी, खर्च. १९८३चा यामाहा डीएक्स७ बटणांवर आणि एका सरकपट्टीवर भागवून प्रचंड खपला आणि पुढची काही वर्षं तीच रीत पडली. अल्फा जूनोसाठी रोलंडने पीजी-३०० नावाची सरकपट्ट्यांची वेगळी पेटी विकायला ठेवली होती. आज ती जुन्या बाजारात मुश्किलीने आणि महाग मिळते. म्हणून मी तसंच काम करणारी पेटी घरी बांधली.

सामान साधं आहे. आर्डुइनो उनो हा प्रोग्राम लिहून चालवता येणारा छोटा बोर्ड, ३६ पॉट, ४०५१ क्रमांकाच्या पाच आयसी (चिप), पाच पिनांचं गोल सॉकेट, २२० ओहमचे दोन रेझिस्टर आणि प्लायवूडची पेटी. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळून जातं.

पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या नॉबखाली असतो तोच. उघडून पाहिलात तर आत कार्बनची काळी, घोड्याच्या नालेसारखी पट्टी दिसेल आणि तिच्यावरून घसरणारं धातूचं एक बोट. पट्टीच्या एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला शून्य. बोट जिथे टेकलंय तिथलं व्होल्टेज मधल्या पायावर मिळतं. बरोबर मध्यावर २.५ व्होल्ट. आर्डुइनो हे व्होल्टेज ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो, म्हणजे एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. यातली एक गोष्ट मला फार आवडते. पॉटला मिळणारे ५ व्होल्ट आणि आर्डुइनो ज्याच्याशी तुलना करतो ते ५ व्होल्ट एकाच तारेवरचे असतात. पुरवठा घसरून ४.८ झाला तरी दोन्ही बाजू एकदम घसरतात आणि मध्यावरचा नॉब ५१२च्या आसपासच वाचला जातो. आपण व्होल्टेज मोजतच नाही, प्रमाण मोजतो.

पॉट घेताना त्यावरचं अक्षर पाहा. बी१०के म्हणजे १० किलोओहम, रेषीय: जेवढं फिरवाल तेवढं व्होल्टेज बदलतं. ए१०के हा आवाजाच्या नॉबसाठीचा. कानाची जाण लॉगरिदमसारखी असते म्हणून त्याची पट्टीही वाकड्या हिशेबाची. इथे तो नको, कारण कानाचा हिशेब सिंथ स्वतः करतो. मला एका दुकानात दोन्ही प्रकार एकाच पुडीत मिळाले. सगळे जोडून झाल्यावर काही नॉब निम्मं फिरेपर्यंत ढिम्म आणि नंतर एकदम सुसाट. अकरा पॉट उपसून पुन्हा सोल्डर करावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक पॉट मध्यावर ठेवून मल्टिमीटरने दोन्ही बाजू मोजल्याशिवाय पेटीत बसवत नाही.

पुढची अडचण दारांची. उनोला व्होल्टेज वाचणाऱ्या पिना सहाच आणि नॉब ३६. इथे ४०५१ कामाला येते. तिच्या आत आठ वाटा येतात आणि बाहेर एक जाते. आठांपैकी कोणती वाट उघडायची हे तीन पिनांवरच्या शून्य-एकवरून ठरतं. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. पाच आयसींचे ४० नॉब होतात, चार जागा शिल्लक राहतात.

जोडणी बिनचूक असूनही सुरुवातीला माझे शेजारशेजारचे नॉब एकमेकांत मिसळत होते. एक फिरवला की पलीकडच्याचा आकडा किंचित हलायचा. कारण आर्डुइनोच्या आत आहे. तिथे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो, तो आधी पिनेवरचं व्होल्टेज स्वतःत भरून घेतो आणि मग मोजमाप होतं. वाट बदलली तरी त्यात मागच्या नॉबचं थोडं उरलेलं असतं. आमटीचा डाव तसाच खिरीत घातल्यासारखं होतं ते. उपाय डाव विसळण्याचाच: वाट बदलल्यावर पहिलं वाचन फेकून द्यायचं, दुसरं धरायचं. एक वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदाचं, त्यामुळे दोनदा वाचूनही सगळ्या ३६ नॉबांची फेरी ८ मिलिसेकंदांच्या आसपास संपते. माणसाचं बोट एवढ्या वेळात फारसं कुठे जात नाही.

आता हा आकडा सिंथला कळवायचा. त्यासाठीची भाषा म्हणजे मिडी. प्रॉफेट-५ बनवणाऱ्या सिक्वेन्शियल सर्किट्‌सचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ती आली आणि जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका केबलने जोडून दाखवली गेली. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. आकडा विचित्र दिसतो, पण १० लाखांना ३२ने भागा, हाच येतो. आर्डुइनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्‌झचं, त्यालाही तो नि:शेष भागतो, म्हणून वेगात चूक राहत नाही.

अल्फा जूनोला एका पॅरामीटरसाठी दहा आकड्यांचा निरोप लागतो. कटऑफ मध्यावर आणायचा तर तो असा: २४०, ६५, ५४, ०, ३५, ३२, १, १६, ६४, २४७. पहिला आणि शेवटचा म्हणजे पाकिटाची दोन तोंडं. ६५ म्हणजे रोलंड, ३५ म्हणजे अल्फा जूनोचं घराणं, १६ म्हणजे कटऑफ आणि ६४ ही त्याची किंमत, ० ते १२७ पैकी. बाकीचे आकडे पत्त्यातले. (सिंथच्या मिडीच्या मेनूत ‘एक्सक्लुझिव्ह’ चालू असायला हवं, नाहीतर तो सगळं निमूट ऐकतो आणि काहीच करत नाही.) हा निरोप केबलमधून गेल्यावर सिंथच्या दारात एक छोटा एलईडी पेटवतो. समोरचा प्रकाशसंवेदक तो उजेड वाचतो. दोन यंत्रांच्या सर्किटांचा एकमेकांना स्पर्शच होत नाही. मधलं कणभर अंतर निरोप प्रकाशाने ओलांडतो. त्यामुळे माझ्या पेटीतली घरघर सिंथमध्ये शिरत नाही.

पहिल्या संध्याकाळी मात्र सिंथ अडखळत होता. पट्टी दाबली की स्वर उशिरा यायचा. पेटीला कुणी हातही लावलेला नव्हता. आर्डुइनोचं वाचन स्क्रीनवर पाहिलं तेव्हा कळलं: नॉब स्थिर असला तरी आकडा स्थिर नसतो. ५११, ५१२, ५११, ५१२. १०२४ पायऱ्यांच्या १२८ केल्या की आठ वाचनांची एक पायरी होते आणि ५११ व ५१२ नेमके उंबरठ्याच्या दोन बाजूंना पडतात. म्हणजे ६३, ६४, ६३, ६४ असे निरोप अखंड चालू. दहा आकड्यांचा एक निरोप ३.२ मिलिसेकंद घेतो. ३६ नॉब एकदम कुजबुजले तर ११५ मिलिसेकंद वाट अडून राहते आणि माझ्या हातातला स्वर त्या रांगेत मागे उभा.

यावरचा उपाय म्हणजे आर्डुइनोला थोडी सबुरी शिकवायची. शेवटच्या मान्य वाचनापासून आठपेक्षा जास्त पायऱ्यांचा फरक पडला तरच हललं असं मानायचं. कुजबुज थांबते. पण मग नवीनच दुखणं येतं: नॉब पूर्ण डावीकडे नेला तरी आकडा कधीकधी १ वरच अडतो, कारण शेवटच्या टप्प्यात आठपेक्षा जास्त पायऱ्या उरतच नाहीत. त्यामुळे दोन्ही टोकांजवळ हा नियम सैल करावा लागतो. हा भाग मी सर्वांत जास्त वेळा पुन्हा लिहिला.

एक प्रश्न उरतोच. सिंथवर दुसरा साठवलेला आवाज निवडला की नॉब मात्र जुन्याच जागी. कटऑफ आत ९०, नॉब २० दाखवतोय. हात लावला की आवाज धाडकन कोसळतो. काहीजण न संपणारे फिरते एन्कोडर लावतात, ज्यांना जागाच नसते. मी पॉटच ठेवले. नॉबवरच्या पांढऱ्या रेघेकडे नजर टाकली की आवाजाची कुंडली दिसावी, हे मला हवं होतं. म्हणून पेटीला एक बटण आहे. ते दाबलं की सगळ्या नॉबांच्या जागा एकदम सिंथला जातात आणि आवाज पेटीसारखा होतो.

ते जमलं त्या रात्री उजव्या हाताने एक स्वरमेळ धरून ठेवला आणि डाव्या हाताचा अंगठा कटऑफवर, तर्जनी-मध्यमा रेझोनन्सवर ठेवली. एक खाली, एक वर, हळूहळू. रेझोनन्स वाढला की कटऑफजवळचा स्वर फुगतो, आणि कटऑफ खाली येताना तो फुगवटा पटीतल्या एकेका स्वरावरून घसरत येतो. प्रत्येक स्वर क्षणभर सुटा ऐकू येतो. एका चाकाने हे करताच येत नाही, तिथे दोन गोष्टी एकदम बदलतच नाहीत. तेवढ्या तीन-चार सेकंदांच्या घसरणीत मधे एका जागी आवाज तानपुऱ्यासारखा खुलला. अंगठा तिथेच थांबला. कटऑफचा आकडा काय होता, ते मी पाहिलं नाही.