मार्था ग्रॅहमचे डान्स नक्की कोणाच्या मालकीचे? मागचा इतिहास

मार्था ग्रॅहम म्हणजे अमेरिकन मॉडर्न डान्समधली मोठी डान्सर आणि कोरिओग्राफर. तिच्या काँट्रॅक्शन-रिलीज तंत्रात (श्वासाबरोबर धड आकसायचं आणि सैल सोडायचं) इथे शिरत नाही. १८९४ चा जन्म, १९२६ ला न्यूयॉर्कमध्ये स्वतःची कंपनी काढली, सत्तरी ओलांडली तरी स्टेजवर नाचत होती आणि १९९१ ला गेली तेव्हा वय ९६. खरा गुंता त्यानंतरचा आहे.

मृत्युपत्रात तिने सगळं एका जवळच्या मित्राच्या नावावर केलं, जो मुळात डान्सर नव्हताच. २००० मध्ये पैसे संपले म्हणून तिची कंपनी आणि शाळा चालवणाऱ्या ना-नफा संस्थेचं काम थांबलं, आणि नंतर परत उभं राहायची वेळ आली तर हा वारस म्हणतो डान्स माझे, नावही माझं, वापरायचं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. नावाचा वाद संस्था आधीच जिंकली, पण डान्सचा निकाल २००२ चा, आणि तो भारीच विचित्र आहे. ७० डान्सपैकी ४५ संस्थेचे, १० कोणाचेच नाहीत म्हणजे कोणीही करा, ५ ज्यांनी पैसे देऊन करून घेतले त्यांचे, ९ चं कोणालाच सिद्ध करता आलं नाही, आणि वारसाला मिळाला फक्त १!

कारण काय, तर १९५६ मध्ये तिने स्वतःची शाळा याच संस्थेला विकली आणि पुढे तिथूनच पगार घेतला. पगार घेऊन केलेलं काम मालकाचं, असा अमेरिकन कायदा. म्हणजे जिच्या नावावर अख्खी संस्था चालते तीच बाई तिथे नोकर ठरली! बऱ्याच डान्सवाल्यांना हे झोंबलं आणि ते बरोबरच होतं, कारण टॅक्स आणि हिशोबाच्या कटकटीतून सुटायला कितीतरी कलाकार अशीच ना-नफा संस्था काढतात. २००४ ला वरच्या कोर्टाने बराचसा निकाल कायम ठेवला, पण १९५६ ते ६५ च्या काळात तिची नोकरी शिकवण्याची होती, डान्स बसवायची नव्हती, म्हणून तेवढे डान्स नोकरीतलं काम नाही असं म्हटलं. तरी माझ्या मते वारस जिंकला असता तर आज हे डान्स कपाटातच पडले असते, त्यामुळे कायद्याचा तर्क पटला नाही तरी निकाल पथ्यावरच पडला.

त्यात १९७८ च्या आधी अमेरिकेत कोरिओग्राफीला कॉपीराइटमध्ये स्वतःची अशी जागाच नव्हती, त्यामुळे जुन्या डान्सचे कागद कोण सांभाळणार? तिच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं तेच झालं. पुढच्या पिढीतल्या मर्स कनिंगहॅम या कोरिओग्राफरने मात्र आपल्या डान्ससाठी जिवंतपणीच ट्रस्ट केला, आणि तो गेल्यावर दोन वर्षांची टूर करून कंपनी ठरल्याप्रमाणे बंद केली.

ग्रॅहमची कंपनी अजून चालू आहे. २०१२ च्या वादळात मात्र बेसमेंटमध्ये पाणी शिरून कॉस्च्युम आणि सेटचं मोठं नुकसान झालं, ते कोर्टात जिंकून थोडंच वाचणार होतं.