जपानी 'रेप्लिका' जीन्स आणि खिशावरच्या कमानीचा वाद : थोडी पार्श्वभूमी

'रेप्लिका' म्हटलं की मुंबई-पुण्यातल्या माणसाच्या डोळ्यापुढे फर्स्ट कॉपी येते. फॅशन स्ट्रीटला मिळते ती, नाव मोठ्या ब्रँडचं आणि माल भलत्याचाच. जपानी जीन्सच्या दुनियेत हाच शब्द पार उलट्या अर्थानं चालतो. तिथं लेबल स्वतःचं, नाव स्वतःचं, किंमत बऱ्याचदा शोरूममधल्या ओरिजिनलपेक्षा कितीतरी जास्त, आणि नक्कल असते ती एका ठराविक सालच्या कपड्याची. '४७ ची', '५५ ची', '६६ ची' असंच बोलतात, म्हणजे त्या साली सॅन फ्रान्सिस्कोच्या लिव्हाईज कंपनीची ५०१ नावाची जीन्स जशी निघायची तशी, तसंच कापड, तसंच बटण, तसाच दोरा. फर्स्ट कॉपीवाला नाव घेतो आणि कापड सोडून देतो, हे लोक कापड घेतात आणि नाव सोडून देतात. निदान बहुतेक वेळा, कारण मधे मागच्या खिशावरची ती कमान, म्हणजे लिव्हाईजची दोन चापांची शिलाई, येते आणि तिथंच सगळं अडकतं.

सुरुवातीचं भरभर सांगतो. युद्धानंतर अमेरिकन सैनिकांकडची जुनी जीन्स टोकियोत उएनोच्या अमेयोको बाजारात विकली जायची. ओकायामाकडचं कोजिमा हे शाळेचे युनिफॉर्म शिवणारं गाव, तिथं १९६५ ला अमेरिकेतून मागवलेल्या कापडावर जपानी जीन्स शिवायला सुरुवात झाली आणि १९७३ ला डेनिमही जपानातच विणलं गेलं. तोवर हे साधं अनुकरण होतं, जगभर चाललं होतं तसंच.

वेगळं काहीतरी घडलं ते १९८० च्या दशकात. अमेरिकन गिरण्यांनी अरुंद पन्ह्याचे धोट्याचे माग काढून मोठ्या पन्ह्याचे बिनधोट्याचे माग बसवले होते, आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत मूळ कंपनीनंही जुनं काठाचं कापड वापरणं बंद केलं. ज्या कापडावर त्यांचं नाव झालं ते कापडच दुकानातून गेलं, आणि तिकडे कुणाला त्याचं फारसं वाटलंही नाही. वाटलं ते जपानी दुकानदारांना. हे लोक अमेरिकेतल्या छोट्या छोट्या गावांत फिरून बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यावरचा न विकलेला माल उचलून आणत होते, मागच्या खिशावरच्या लाल टॅबवर लिव्हाईजच्या नावातला 'ई' मोठा आहे की छोटा (१९७१ ला तो छोटा झाला), खिशाच्या कोपऱ्यातली रिव्हेट, म्हणजे धातूची टिकली, आतून लपवलीय का (१९३७ ते साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत लपवायचे), एवढ्यावरून साल सांगत होते. माल संपत चालला, किमती चढत चालल्या, मग कुणीतरी म्हणालं की आपणच बनवू. ओसाकातल्या एका ब्रँडची पहिली मोठी रेप्लिका १९८६ ची, आणि १९९५ पर्यंत ओसाका-कोबे पट्ट्यातून अजून चार उभे राहिले, त्या पाचांना चाहते आजही 'ओसाका फाइव्ह' म्हणतात. त्यातल्या एकानं तर लिव्हाईजमधला पहिला 'एल' काढून नाव ठेवलं एव्हिस, नंतर ते एव्हिसू झालं, भरभराटीच्या मासेमार देवाचं नाव, आणि खिशावर दोऱ्याऐवजी हातानं पांढऱ्या रंगात सीगल काढला.

आणखी एक गोष्ट इथं विसरली जाते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मूळ कंपनीची जपानमधली शाखासुद्धा आपल्याच जुन्या मॉडेलच्या रेप्लिका काढायला लागली होती. म्हणजे मालक आणि नकलाकार, दोघेही एकाच जुन्या कपड्याची नक्कल करत होते, त्याच देशात, त्याच वर्षांत.

ही नक्कल किती खोलवर गेली ते एकदा जवळून बघायला हवं. माझ्याकडच्या एका जोडीचा पायाचा खालचा दुमड हातात घेतला तर तो सपाट नाहीये, दोरीला पीळ असतो तसा तिरका तिरका गोळा झालाय आणि धुऊन धुऊन त्या पिळाच्या माथ्यावर नीळ उडालीय, खोलगटात गडद राहिलीय. हे येतं युनियन स्पेशलच्या ४३२००जी नावाच्या जुन्या अमेरिकन मशीनच्या साखळी टाक्यामुळे. मशीन दुमडलेल्या दोन थरांना सारखं ओढत नाही, एक थर पुढे सरकतो. मशीनचा दोष आहे तो, शिवणाऱ्याला नकोच होता, पण जपान्यांनी तीच मशीन शोधून शोधून आणली, दुरुस्त करून चालवली, तो दोष यावा म्हणून. कापडाचंही तसंच. जुन्या सुताची जाडी कमी-जास्त असायची म्हणून विरल्यावर उभ्या रेघा पडायच्या, अमेरिकन गिरणीवाले ते सरळ करण्याच्या मागे होते आणि जपानी गिरण्या ते परत आणण्याच्या मागे. काहींनी जुनी जीन्स उसवून धाग्यातला कापूस कुठल्या जातीचा ते तपासलं. काहींनी मात्र गाठी आणि रेघा इतक्या वाढवल्या की मूळ कापडात तेवढ्या कधीच नव्हत्या. माझ्या मते अनुकरण संपून दुसरं काहीतरी सुरू झालं ते इथंच, पण तेव्हा कुणी तसं म्हटलं नाही, सगळे 'मूळसारखं' म्हणत राहिले.

सेल्व्हेजबद्दलही, म्हणजे कापडाच्या बंद काठाबद्दलही, बोलायला हवं कारण आपल्याकडे आता इन्स्टावर तोच शब्द विकला जातो. माझे मामा इचलकरंजीत आयुष्यभर यंत्रमाग चालवत होते. मी एकदा पायाचा दुमड उलटून त्यांना तो लाल रेघेचा काठ दाखवला, कौतुकानं. त्यांनी अंगठ्यानं चाचपून बघितलं आणि म्हणाले, "काठच हाय की ह्यो. आमच्या मागावर रोज निघतंय असलं कापड." बरोबरच आहे. धोटा आडवा धागा घेऊन पलीकडे जातो आणि तोच धागा घेऊन परत फिरतो, म्हणून कडेला बंद काठ तयार होतो, धोटा आहे तिथं काठ आहे. पुढं त्यांनी कापड उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "माग सावकाश चालवलाय ह्यांनी." मला वाटतं जपानी डेनिमबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात नेमकं वाक्य हेच. नुसता काठ असण्यानं काही सिद्ध होत नाही, ताण कमी ठेवून, सावकाश विणलेल्या कापडाचा हात वेगळा लागतो.

याच्याच जोडीला एक कथा सगळीकडे फिरते की अमेरिकन गिरण्यांनी भंगारात काढलेले माग जपान्यांनी विकत घेऊन नेले आणि म्हणून जपानी डेनिम 'ओरिजिनल'. ही कथा खरी नाही. जपानात जे माग चालतात ते मुख्यतः त्यांचेच, टोयोडाचे, जिथून पुढे गाड्यांची कंपनी निघाली तेच घराणं. त्या टोयोडाच्या स्वयंचलित मागाचं पेटंट १९२९ ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं एक लाख पौंडाला घेतलं होतं, तेव्हा यंत्रासाठी जपानला कुणाच्या भंगाराची वाट बघायची गरज नव्हती. मला या कथेचा राग येतो तो याच कारणानं की चांगल्या कामाचं श्रेय माणसांकडून काढून ते यंत्राच्या पासपोर्टला दिलं जातं.

आता कमान. मागच्या दोन्ही खिशांवर दोन चापांची जी शिलाई असते ती. कायद्याच्या बाजूनं बघितलं तर मूळ कंपनीकडे सांगण्यासारखं बरंच आहे. १८७३ चं पेटंट कमानीचं नव्हतंच, रिव्हेटचं होतं, ते १८९० च्या सुमारास संपलं आणि रिव्हेट कुणीही मारायला मोकळा झाला. मग बाजारात तशाच गडद निळ्या, तशाच रिव्हेटच्या, तशाच खिशांच्या जीन्स आल्या, म्हणून १९३६ ला खिशाच्या कडेला लाल टॅब आला, लांबून ओळखू यावी म्हणून. कमान ट्रेडमार्क म्हणून १९४३ ला नोंदवली. अमेरिकेत कपड्याच्या कटला कॉपीराइट मिळत नाही, म्हणजे पँटचा आकार, कंबर, खिशाची जागा, यातलं काहीच तुमचं नसतं, तुमचं असतं ते फक्त चिन्ह. आणि चिन्ह राखलं नाही, दुसरे वापरताना गप्प बसलात, तर ते कमजोर होतं.

पण त्या कमानीचा इतिहास बघा. १९४७ पर्यंत ती एका सुईच्या मशीनवर मारली जायची, प्रत्येक कारागिराची कमान वेगळी, कुणाची खोल, कुणाची पसरट, मधे जुळेल तशी जुळायची. १९४७ ला दुहेरी सुई आली तेव्हा मधोमध तो चौकटीच्या आकाराचा छेद पडायला लागला जो आज 'खरा' मानतात. आणि युद्धात तर दोराच रेशनवर होता, शोभेच्या शिलाईला बंदी, म्हणून कंपनीनं कमान रंगानं छापली, दोन-चार धुण्यांत उडून जायची. ट्रेडमार्क नोंदवला त्याच काळातली गोष्ट ही.

२००७ च्या जानेवारीत कंपनीनं जपानी रेप्लिका ब्रँड्सवर आणि त्यांचा माल विकणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोतल्याच एका छोट्या दुकानावर दावा लावला. मुद्दे होते कमान, टॅब, एकूण मागच्या बाजूचं रूप. हे एकटं प्रकरण नव्हतं, २००१ पासून कंपनीनं सुमारे शंभर दावे लावले होते, मोठ्या मोठ्या नावांवरही. कारण उघड होतं. १९९६ ला सात अब्ज डॉलरच्या वर असलेली विक्री २००३ पर्यंत चार अब्जांच्या आसपास आली होती, आणि बाजार महागड्या डिझायनर जीन्सकडे गेला होता जिथं ओळख सगळी मागच्या खिशावरच असते. मोठ्यांवर दावे लावायचे आणि जपान्यांना सोडायचं असं करता आलं नसतं, हे मला मान्य आहे.

तरीही जपान्यांवर दावा लावण्याचा कंपनीचा हा निर्णय मला आजही खुपतो. जे ब्रँड पकडले गेले ते वर्षाला थोडा माल काढणारे, विकत घेणारा माणूस फसून घेणारा नव्हता, त्याला लेबल काय आहे ते नीट माहीत होतं आणि ते लेबल हवं म्हणूनच तो जास्त पैसे देत होता. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माहिती कुणाकडे होती. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत कंपनीचं मुख्यालय जळालं, जुने कागद, जुने नमुने गेले. २००१ ला कंपनीनंच १८८० च्या सुमाराची, नेवाडातल्या एका खाणगावात सापडलेली जीन्स ऑनलाइन लिलावात ४६,५३२ डॉलरला घेतली आणि मग तिची रेप्लिका काढली. स्वतःचा इतिहास बाजारातून विकत घ्यावा लागत होता, आणि त्या बाजारात जुनी जीन्स सांभाळून, तिचं साल ठरवून, तिची किंमत ठरवून ठेवली होती ती बऱ्याच अंशी याच जपानी मंडळींनी. कमान सोडायला लावणं कायद्यात बसत होतं. पण 'नक्कल' म्हणून त्यांना फर्स्ट कॉपीवाल्यांच्या रांगेत उभं करणं यात त्या शब्दाचा घोळ कायमचा पक्का झाला.

दाव्यानंतर कमान गेली, टॅब गेले किंवा जागा बदलली, लेबलावरची चित्रं बदलली. जुन्या मालाला सेकंडहँड बाजारात 'प्री-लॉसूट' अशी वेगळी किंमत आली, आजही लोक जाहिरातीत तसंच लिहितात. काही ब्रँडनी खिसा कोराच ठेवला, काहींनी स्वतःची रेघ काढली. जाड कापडाची ओढ आधीपासून होती ती वाढली. जुन्या जीन्सचं कापड साधारण बारा ते चौदा औंसाचं असायचं आणि आता २१, २५ औंसाच्या जोड्या मिळतात ज्या घालून पहिला महिना धड बसता येत नाही. असं काही अमेरिकेत कधीच नव्हतं. त्याला रेप्लिका कशाची म्हणायची हे कुणीच सांगू शकणार नाही.

जॅकेटच्या बाबतीत तर उलटीच गंमत झाली. एमए-१ हे अमेरिकन हवाई दलाचं जॅकेट, मूळ रंग करडा हिरवा. त्याची काटेकोर रेप्लिका काढणारा एक जपानी ब्रँड, बझ रिक्सन्स, ते काळ्या रंगात काढतच नव्हता कारण मूळ काळं नव्हतं. २००३ मध्ये आलेल्या एका इंग्रजी कादंबरीत नायिका त्यांचं काळं एमए-१ घालते, वाचक दुकानात विचारायला लागले, आणि ब्रँडनं शेवटी ते काढलं. आता तेच त्यांचं सगळ्यात ओळखीचं जॅकेट आहे.

२०१७ च्या शेवटी नॉर्थ कॅरोलिनातली व्हाइट ओक गिरणी बंद झाली, जिचं काठाचं कापड विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून ५०१ ला जायचं. त्यानंतर मूळ कंपनीच्या जुन्या मॉडेलच्या महागड्या लाइनमध्येही जपानी कापड आलं, हिरोशिमाकडच्या गिरणीचं. म्हणजे खिशावरची कमान अमेरिकेची आणि ती ज्या कापडावर शिवलीय ते जपानचं.

माझ्या कपाटात ओसाकातल्या एका ब्रँडची १९४४ ची रेप्लिका आहे, दाव्यानंतरची. युद्धकाळातली म्हणून बटणं साधी, पोकळ मधली, मागचा बक्कल नाही, खिशाचं अस्तर मिळेल त्या कापडाचं, आणि मागचे दोन्ही खिसे कोरे. वकिलांमुळे कोरे. पण १९४४ ची खरी जोडी कुणी घालून, धुऊन, वापरून ठेवली असती तर तिच्यावरची रंगाची कमानही केव्हाच उडून गेली असती आणि ती मागून अशीच दिसली असती.