विंडोज नेटचा २० टक्के स्पीड दाबून ठेवतं का?

ऑफिसच्या पीसीवर रीस्टार्टनंतर नेट रेंगाळलं की जुना मेसेज फिरतो: विंडोज नेटचा २० टक्के स्पीड स्वतःसाठी राखून ठेवतं, सेटिंगमध्ये तो आकडा शून्य करा.

तसं नाही. ही राखीव मर्यादा फक्त प्राधान्य मागणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असते. कुणी मागितलंच नाही, तर अख्खी लाइन सगळ्यांना मोकळी. सेटिंग बदलल्यावर कधीकधी फरक जाणवतो खरा, पण त्यासोबत मशीनही रीस्टार्ट केलेलं असतं. तेव्हा पीसीतलं नेटवर्क कार्ड आणि स्विच (ऑफिसचे पीसी केबलने एकमेकांना जोडणारा डबा) आपसात वेग नव्याने ठरवतात.

खरी गोम बहुधा इथेच असते. १००० एमबीपीएसला (सेकंदाला मेगाबिट) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. टेबलाखाली खुर्चीच्या चाकाने चेपलेल्या केबलची उरलेल्या दोनपैकी एखादी जोडी गेली, की वेग गुपचूप १०० वर येऊ शकतो. कनेक्शन मात्र ‘कनेक्टेड’च दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली ‘लिंक स्पीड’ बघा. १००/१०० दिसलं, तर आधी केबल बदला, मग स्विचचा पोर्ट. शेजारच्या पीसीवर मोठी फाइल कॉपी करूनही कळतं: सेकंदाला ११ मेगाबाइटच्या (एक बाइट म्हणजे आठ बिट) आसपासच अडकली, तर दोघांपैकी एका पीसीची लिंक बहुधा १०० चीच आहे.